लॉर्ड चौकातला लॉर्ड दारवान होता

प्रति,
मा. नामकरण अधिकारी,
रस्ते व चौक नामकरण शाखा,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय: लॉर्ड चौकातील स्मृतिफलकावरचा धादांत खोटा मजकूर शुक्रवारच्या अनावरणापूर्वी बदलण्याबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर आपण पाळलेले मौन.

महोदय,

उपरोक्त विषयी तिसऱ्यांदा अर्ज करते की,

१. स्टेशनसमोरच्या जुन्या हॉटेलच्या दारात माझे वडील एकतीस वर्षे दारवान होते. तो चौक त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या फलकावर मात्र 'येथे एका थोर लॉर्डांचे वास्तव्य होते, त्यांच्या औदार्याच्या स्मरणार्थ' असे कोरले असून बाजूला कुरळ्या केसांचा टोप घातलेले एक गृहस्थ काढले आहेत. हे गृहस्थ कोण, ते आपल्या शाखेत कोणालाही सांगता आले नाही. असा कोणी लॉर्ड या शहरात राहिलेला नाही. गाडी बदलायलासुद्धा तो इथे उतरलेला नाही.

२. नाव कसे पडले, ते एकदाचे लिहून देते. हॉटेलात आलेल्या एका बड्या गिऱ्हाइकाने गाडीत बसूनच चुटकी वाजवून वडिलांना बोलावले. वडील जागचे हलले नाहीत. "चुटकीनं कुत्रं येतं, साहेब. माणसाला हाक मारावी," एवढेच म्हणाले. गिऱ्हाईक मॅनेजरच्या अंगावर ओरडले, "हा कोण मोठा लॉर्ड लागून गेलाय?" मॅनेजरने वडिलांना लेखी समज दिली, पण स्वयंपाकघरापासून धोबीखान्यापर्यंत सगळ्यांनी त्या दिवसापासून त्यांना लॉर्ड केले. मग टॅक्सीवाले 'लॉर्डपाशी सोडतो' म्हणू लागले आणि कोपऱ्याचा लॉर्ड चौक झाला. समोरच्या न्हाव्याने दुकानावर 'लॉर्ड केशकर्तनालय' अशी पाटी लावली आणि वर कुत्र्याचे नावही लॉर्ड ठेवले. तो कुत्रा पायरीवर आडवा पडून येणाऱ्याजाणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नसे. "नाव शोभतंय गड्याला," असे वडीलच म्हणत.

३. आपले सर्वेक्षक चौकाला काय म्हणतात एवढेच विचारून गेले. का म्हणतात, हे विचारण्याचा रकाना त्यांच्या फॉर्मात नाही. बाकीचा लॉर्ड आपल्या शाखेने पंख्याखाली बसून तयार केला. उंटावरून शेळ्या हाकण्याचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही. पहिला अर्ज दिला तेव्हा आपला कारकून म्हणाला, "बाई, लॉर्ड म्हणजे लॉर्डच असणार ना. दारवानाच्या नावानं चौक कोण करतं?" मी म्हटले, लोकांनी केला. त्यावर तो म्हणाला, "लोकांचं काय घेऊन बसलात!"

४. मग पुरावा मागितला. वडिलांचा या नावाशी संबंध सांगणारा एकच सरकारी कागद आहे, तो म्हणजे आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर मिळालेला कुत्र्याचा परवाना. त्यात 'प्राण्याचे नाव व नावाचे कारण' या रकान्यात न्हाव्याने 'लॉर्ड. समोरच्या हॉटेलच्या दारवानावरून, त्यांना विचारून' असे लिहिले आहे. खाली शिक्का आहे. आपण त्यावर 'प्राण्याचा दाखला माणसासाठी ग्राह्य नाही' असा शेरा मारून तो परत केला. म्हणजे कुत्रा लॉर्ड होता हे नगरपालिकेला मान्य आहे, आणि ज्याच्यावरून तो लॉर्ड झाला तो माणूस मात्र झालाच नाही.

५. वडील जाऊन दोन वर्षे झाली. परवा वाऱ्याने फलकावरचे कापड सरकले होते. आई बाजारातून येताना तिथे थांबली, सगळा मजकूर वाचला आणि घरी येऊन पिशवी न ठेवताच मला म्हणाली, "अगं, मग एकतीस वर्षं मी डबा कुणाला दिला?" अर्जात राग लिहू नये म्हणतात. मी लिहीत आहे. मला आपला अतिशय राग आला आहे.

६. टोपणनाव सिद्ध करण्यासाठी 'त्या नावाने प्रत्यक्ष हाक मारलेले' तीन साक्षीदार लागतात, असा आपला नियम आहे. पहिला साक्षीदार न्हावी. दुसरी हॉटेलच्या धोबीखान्यातली मावशी. ती ऐंशीच्या पुढची असून आपला दुसरा मजला चढून आली आणि साहेब जेवायला गेलेत असे ऐकून उतरून गेली. तिसऱ्यासाठी मी पुष्कळ पायपीट केली. हॉटेल बंद पडले, माणसे पांगली.

७. तिसरे साक्षीदार आपण आहात. आपण नवे कारकून असताना दर रविवारी चार वाजता त्या हॉटेलात एका मुलीला भेटायला येत होतात. काही न मागवता तिथे बसू देत नसत. वडील मॅनेजरला सांगत, 'साहेबांची मंडळी यायची आहेत,' आणि आपल्याला दाराजवळची खुर्ची देत. आपल्या बढतीचा फोटो वर्तमानपत्रात आला तेव्हा वडिलांनी तो सगळ्या गल्लीला दाखवला. "हा आमचा चारचा पाहुणा! मला म्हणायचा, लॉर्ड, तुमचे उपकार विसरणार नाही." आपल्याला आठवत नसल्यास कृपया घरी विचारावे. त्या मुलीशीच आपले लग्न झाले, असे वडील सांगत. त्यांना आठवत असेल.

तरी फलकावर 'दारवान' हा एक शब्द घालावा आणि तो टोपवाला काढावा. दुसरे काही मागणे नाही.

नम्रता पहिल्या दोन अर्जांत संपली आहे.

आपली अर्जदार,
(सही)
लॉर्ड दारवानाची मुलगी
मंगळवार, अनावरणाच्या तीन दिवस आधी

सोबत:
१) कुत्र्याच्या परवान्याची प्रत, आपल्या शेऱ्यासह.
२) साक्षीदार क्र. १ व २ यांचे जबाब.
३) साक्षीदार क्र. ३ यांचा जबाब. मजकूर मी लिहिला आहे. सहीची जागा कोरी आहे.