चौक आला की उतरायचं

आई, तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझे गुडघे तुझ्यासारखेच झालेत, तरी सायकल सोडलेली नाही. सून म्हणते, "बाबा, आता सायकलवाल्याला कोण पकडतंय?" तिचं खरं आहे. पण चौक दिसला की मी उतरून सायकल हातात धरून चालू लागतो. सातवीपर्यंत शिकलेला मी, लिहिणं फारसं जमत नाही. तरी एक गोष्ट तुला लिहायला हवी.

तेव्हा सायकलवर डबलसीट बसायला बंदी होती. पोलिसाने पकडलं की तो चाकांतली हवा सोडायचा आणि व्हॉल्व्ह खिशात टाकायचा. म्हणून सगळेच एक युक्ती करायचे. चौकाच्या अलीकडे मागच्याने उतरायचं, पोलिसासमोरून साळसूदपणे चालत जायचं, पलीकडे गेल्यावर पुन्हा बसायचं. मोतीबिंदूमुळे तुला लांबचं दिसत नव्हतं. मी "उतर" म्हटलं की तू उतरायचीस.

डोळे दाखवायला तुला सिव्हिलमध्ये नेताना एकदा आपण सापडलोच. हवालदार म्हणाला, "काय रे, वरात काढलीस का?" तू कॅरिअरवरूनच म्हणालीस, "वरात नाय दादा, म्हातारी हाय, डोळे दाखवाया चालले." तो हसला, पण हवा सोडलीच. तुला दवाखान्यात बसवून मी सायकल ढकलत सातपूरला गेलो, तोवर कारखान्याचं गेट बंद झालं होतं. मी टेंपररी. फोरमन म्हणाला, "पुन्हा उशीर झाला तर येऊच नकोस. बाहेर दहा जण उभे आहेत." त्या दिवसापासून पंचवटी ते सातपूर रस्त्यावरचा प्रत्येक चौक माझी नोकरी मुठीत धरून बसलाय असं वाटायचं. दुसऱ्या रस्त्याने जावं, तर तिथेही चौक होतेच.

मग सिन्नरहून निरोप आला. तुझा भाऊ, माझा मामा, शेवटच्या घटका मोजत होता. सकाळच्या गाडीने निघ, असं कळवलं होतं. तुला स्टँडवर सोडून मी कामावर जाणार होतो. अजून दिसतं मला. तू एका बाजूला पाय सोडून बसली आहेस, मांडीवरच्या पिशवीत मामासाठी पेजेचा डबा आहे. पूल ओलांडला, पोलीस दिसला, आपण उतरलो. रविवार कारंज्यालाही उतरलो. स्टँडच्या अलीकडे तिसरा चौक आला.

"आरं, किती येळा उतरवशील? गाडी जाईल माझी."

"पोलीस उभा आहे, आई."

तू उतरलीस. कॅरिअर धरून, गुडघा दाबत, हळूहळू चालत राहिलीस. आपण पोचलो तेव्हा सिन्नरची गाडी फाटकातून बाहेर वळत होती. मी हात केला, ती थांबली नाही. तू म्हणालीस, "जाऊ दे. तू जा, तुझं गेट बंद व्हईल. मी बसते हितंच." मी गेलो, आणि वेळेवर पोचलो. दुसऱ्या गाडीने तू सिन्नरला पोचलीस, तेव्हा मामाला अंगणात ठेवलं होतं. तो सारखा दाराकडे बघत होता, असं मामीने तुला सांगितलं.

पुढे दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळून झालं की तू म्हणायचीस, "त्या मेल्या हवालदारानं माझा भाऊ मला दिसू दिला नाय." एकदा तू मला विचारलंसही, "नक्की व्हता ना रं तो?" मी हो म्हणालो.

आई, त्या तिसऱ्या चौकात कोणी नव्हतं. पोलीस जिच्याखाली उभा राहायचा ती छत्री रिकामी होती, मला लांबूनच दिसली होती. वाटलं, टपरीमागे चहा पीत असेल, ऐन वेळी पुढे येईल.

हा कागद मी घडी करून खिशात ठेवतोय. घरात ठेवला तर सून वाचेल, याची धास्ती वाटते. आणि टपरीचं वर लिहिलंय, तेही पुरतं खरं नाही. त्या सकाळी ती अजून उघडलीच नव्हती.