यादीतून कमी

४ नोव्हें.
कॉलेज सुटल्यावर जुनी कागदपत्रं पाहायला गेले. १९३५ च्या कायद्याखालची मतदारयादी, अड्याळ. सासरचं आडनाव दिसलं म्हणून थांबले. 'भागरता, गणपतची विधवा.' नावावर तांबडी रेघ. शेजारी : पाट लावला, नाव कमी.
गणपत म्हणजे माझ्या सासऱ्यांचे काका. ही बाई घरात कधी कुणाच्या बोलण्यात आली नाही.

५ नोव्हें.
नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत. तो वारला तरी ते राहायचं. तिनं पुन्हा लग्न केलं, पाट लावला, की जायचं. वर्गात अठरा वर्षं शिकवते आहे. 'मर्यादित मताधिकार', टीप लिहा. विनयला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हे कलम आपल्यासारख्या विधवेचं आहे असं कधी...
तुमसरच्या देशकरांना अजून उत्तर दिलं नाही. त्यांनी लग्नाचं विचारून महिना झाला. घाई करत नाहीत. तेच अवघड.

८ नोव्हें.
सासूबाईंना अड्याळला फोन. धानकापणी चालू, दमल्या होत्या. भागरताचं विचारलं.
"ते? ते पाट लावून बपेऱ्याले गेली. मंग तिचं नाव कोन घेते? तुले काहून पायजे व?"
"जुन्या मतदारयादीत सापडलं, आई. तिथंही कमी केलंय."
"घरानं कमी केली तं सरकारनं बी केली म्हन!"
हसल्या. मला हसता आलं नाही. देशकरांचं सांगायचं होतं, ते राहिलं.

९ नोव्हें., रवि.
दिवसभरात दूधवाल्याशी बोलले तेवढंच. 'उद्या अर्धा लिटर.'
पाटाबरोबर मतही जाणार, हे तिला ठाऊक होतं का? की मत आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं? आणि मी तिला शोधते आहे, की तिच्या आड लपते आहे? माझं मत कुणी काढून घेणार नाही. मी गमावीन तर आईंना. लग्न केलं तर पुढच्या दिवाळीला अड्याळला कोण म्हणून जाऊ?

१२ नोव्हें.
आईंना देशकरांचं सांगितलं. फोनवर, कॉलेजच्या व्हरांड्यातून. समोर बसून जमलं नसतं, हा भित्रेपणा मान्य.
पलीकडे मळणीयंत्र चालू होतं.
"त्याले माय आहे का?"
"नाही, वारल्या."
"हं."
त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.