ऐंशी दिवसांची हजेरी

१८ फेब्रु.
प्रतीक्षा आज अंगणात चालली. सून म्हणून घरात आली तेव्हापासून तिला इतकं हळू चालताना पाहिलं नव्हतं. मलेरियानं दीड महिना खाल्ला. गोंदियाला दोन बाटल्या रक्त चढवलं. पोटातलं बाळ सुखरूप. आठवा लागला. हिमोग्लोबिन ९.४. अंगणवाडीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींचे आकडे लिहिले, आज हा आकडा आपल्या घरचा.

२४ फेब्रु.
रिसॉर्टवरून फोन. ऑक्टोबरपासून ती तिथं रिसेप्शनला आहे, नागझिरा अभयारण्याच्या रस्त्यावर. पगारी बाळंतपणाची रजा पाहिजे तर ऐंशी दिवस काम भरावं लागते. हिचे एकाहत्तर. बिमारीचे धरत नाहीत. माझा मुलगा नितीन चिडला, "सोड ते काम!" ती जेवत राहिली. मग मला म्हणाली, "नऊच तर दिवस आहेत, आई."
मला रागच आला. जीव वाचला हे काय कमी...

२७ फेब्रु.
डॉक्टरीणबाईकडून लिहून आणलं तिनं. बसून काम, मोटारसायकल नको, ताप आला तर त्याच दिवशी तपासणी. म्हणजे एस.टी. एकटी कशी पाठवू? मी जाणार.

३ मार्च
पहिला दिवस. मॅनेजर भला माणूस. तिला पाहून घाबरलाच. म्हणाला, "मॅडम, कायले त्रास घेता? नऊ सह्या आजच करा अन् घरी जा." मी मनात म्हटलं, देव पावला. ही म्हणते, "नाही सर. न केलेल्या कामाची सही करून ठेवली, तर उद्या खऱ्या एकाहत्तरवरही कोणी भरोसा ठेवणार नाही."
परतीच्या बसमध्ये मी बोललेच, "काऊन नाही म्हटलं?" "तुमी केली असती का अशी सही, आई?"
मीही नसती केली.

७ मार्च
पाच झाले, उद्या सुट्टी. पाय सुजले. स्वयंपाकीणबाईनं पायाखाली पाट आणून दिला. एका पाहुण्यानं हिंदीत आवाज चढवला, हिनं तितक्याच शांतपणे खोली बदलून दिली. मी मोहाच्या झाडाखाली बसून पाहून राहिली होती. घरात ही मला कधी अशी दिसलीच नाही.

९ मार्च
अंग तापलं. तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत मी पाणी प्यायले नाही. मलेरिया नाही. आजचा दिवस गेला. उद्याही आराम, मीच बजावलं. ऐकलं.

१४ मार्च
नऊ भरले! अर्ज दिला. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठली नाही. शिक्का, सही, तारीख. मॅनेजर म्हणाला, मंजुरी नागपूरच्या मालकाची.

२६ एप्रिल
मुलगी. अडीच किलो. रडणं खणखणीत. प्रतीक्षा पांढरीफटक, पण हसते.

५ मे
नागपूरहून उत्तर नाही. मी म्हटलं, सव्वा महिना होऊ दे, मग गोंदियाच्या कामगार ऑफिसात मीच विचारून येईन. "तुमी एकट्या नाही," ती म्हणाली, "आपण तिघी जाऊ." अन् पोरीला कुशीत घेऊन झोपी गेली.