घोडा पडतो, बार होत नाही

२ सप्टेंबर

फुस्स! डुक्कर वीस हातांवर. मान वर करून त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कणसात तोंड घातलं. बंदुकीची टोपी फुटलीच नाही. दुसरी बसवेपर्यंत साहेब सहकुटुंब निघाले — पळत नाही, चालत!

वनखात्याची लेखी परवानगी पंधरा दिवसांची. तिच्यासाठी सहा महिने चपला झिजवल्या. मका खायला डुकरांना परवानगी लागत नाही.

३ सप्टेंबर

गावात परवान्याची बंदूक एकच. ठासणीची, आबांची — आता माझी. नळीत दारू-छर्रे ठासायचे, घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, चाप ओढायचा. घोडा टोपीवर पडला की बार. इतकं सोपं. पण चारातली एक टोपी दगा देते, आणि नेमकी डुक्कर समोर असताना.

बांधशेजारी प्रेमानंद म्हणाला, "गजूभाऊ, तुमची बंदूक न् आपला लाइनमन सारखेच. काम पडलं का गायब!" त्याचा अर्धा एकर मका काल आडवा झाला. हसत बोलला, पण चहा न घेता गेला. उरलेला मका माझ्या भरवशावर उभा आहे.

५ सप्टेंबर

माजी सरपंच उकंडराव पाहणीला आले. नळीत डोळा घालून बघितलं. भरलेली नव्हती, असती तर गावाचा एक जुना प्रश्न सुटला असता. निदान — टोप्यांना ओल लागली. "तव्यावर शेकून घ्या."

आतून सुचिता — "माह्या तव्यावर नाई!"

बायकोमुळे छप्पर वाचलं.

६ सप्टेंबर

नांदुऱ्याहून नव्या टोप्या आणल्या. दुकानदाराने परवाना असा न्याहाळला, जणू पोरीसाठी स्थळ बघतोय.

७ सप्टेंबर

नवीही फुसकी.

९ सप्टेंबर

शास्त्रीय प्रयोग. तीन टोप्या अंगणातल्या दगडावर ठेवून हातोडी हाणली. फाट्, फाट्, फाट्! तिन्ही चोख. म्हणजे दोष बंदुकीचा. निवडणुकीत चार महिने ठाण्यात जमा होती — तिथे राहून भले भले बिघडतात. घोड्याची स्प्रिंग बदलून घेतली.

१२ सप्टेंबर

दोन बार झाले!! डुकराला लागले नाहीत. उकंडरावांच्या पाण्याच्या टाकीला लागले. टाकी काळी, डुक्कर काळं, उजेड कमी — माणसाने काय करावं? उकंडराव पंचनामा मागतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे टाळले, आता स्वतःचा पाहिजे.

प्रेमानंद एवढंच म्हणाला, "टाकी तर टाकी. बार झाला ना भाऊ!"

१३ सप्टेंबर

पुन्हा फुस्स. स्प्रिंग नवी, टोपी नवी. जुना मी एकटाच.

१५ सप्टेंबर

परवानगीचा उद्या शेवटचा दिवस. सकाळी साडेसहालाच प्रेमानंदच्या बांधावर जाऊन बसलो. मक्यात काळं काहीतरी हललं. खाली वाकलेलं, पाठ गोल. मोठं धूड! श्वास धरला, नेम धरला, चाप ओढला.

फुस्स.

मनात शिव्या घालत दुसरी टोपी बसवली. घोडा चढवला. तेवढ्यात ते धूड उभं राहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणालं —

"काऊन रे बापा गजू, इतक्या सकायी सकायी?"

प्रेमानंदची आई. जनकाबाई. काळं घोंगडं पांघरून शेळ्यांसाठी गवत कापत होती.

"डुक्कर दिसलं का तुले?"

"हाव काकू. गेलं."

"मंग जाय घरी. चहा घे."

तिला काहीच कळलं नाही. पेंढी डोक्यावर घेऊन गेली. मी घोडा उतरवला, टोपी काढली आणि बंदूक आडवी टाकली.

१६ सप्टेंबर

सुचिताला सांगितलं. फक्त तिलाच. ती आत गेली. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणून माझ्यापुढे ठेवली.

"मागच्या पोळ्याले आपली पोर छकुली बांधावर उभी होती. तुम्ही तिले नीलगाय समजून 'रोही, रोही' करत बंदूक आणाले धावले. म्या तिले घरात ओढलं. तवापासून, जमन तवा, टोपीखालच्या भोकात एक थेंब सोडतो."

बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती.