उसना न्यूट्रल

७ ऑक्टोबर, पिंपळनेर

आज सामान लागलं. आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गावर शिकवायला रुजू झाले आणि लगेच घरही मिळालं. जळगावला आईला फोन केला तर तिचा विश्वासच बसेना. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून डोंगर. मालक प्रेमराजनाना कांद्याचे व्यापारी, बोलायला गोड. त्यांच्या पत्नी ताईबाईंनी शेवभाजी आणून दिली, दारातच म्हणाल्या, “लाजू नको बेटा, तुनंच घर शे हाई.” माझ्या मागच्या खोलीला लागून एक कुलूपबंद खोली आहे. तिथे बियाणं असतं म्हणे, उंदरांसाठी काहीबाही ठेवायला नाना रोज स्वतः झाकलेलं ताट घेऊन जातात. त्यांची सून मोहिनी, मुलगा वारल्यापासून मुक्ताईनगरला माहेरी असते.

१२ ऑक्टोबर

मागच्या खोलीतला दिवा मधूनच लुकलुकतो. बल्ब बदलला, होल्डरच्या पिना वर उचलल्या, स्विच उघडून स्क्रू आवळले. फरक नाही. पुढच्या खोलीतला दिवा स्थिर, म्हणजे दोष मेन लाइनचा नाही. ताईबाई दुपारी त्याच दिव्याखाली गहू निवडत बसतात. भर उन्हातही तो लावायला सांगतात. दुरुस्तीचं काढलं की विषय बदलतात.

१७ ऑक्टोबर

असा दोष तपासायला गेलं की दडून बसतो. पण वारा, उष्णता, कशाने तरी तो हलत असतोच. इथे कशाने? आज ध्यानात आलं: नानांची मोटारसायकल बाहेर पडली की दिवा लुकलुकतो, परत आली की शांत. हसूच आलं. वर्गात सांगायला छान किस्सा.

२० ऑक्टोबर

सापडला! जंक्शन बॉक्स उघडला. फेज माझ्या बोर्डातून येतो, न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, मात्र भिंतीतून, त्या बंद खोलीतून फिरून आलेला. आमच्या भाषेत उसना न्यूट्रल, आणि पलीकडचा जोड सैल. खोली उघडता का विचारलं, तर नाना म्हणाले, कशाला तो घोळ, तारच तोडून टाका. मी माझ्या बोर्डातून नवा न्यूट्रल ओढला, जुनी तार कापली, टोकाला टेप गुंडाळली. दिवा आता ढिम्म हलत नाही. नानांनी पेढे पाठवले.

२२ ऑक्टोबर

ताईबाई दिव्याखाली बसून होत्या. कालही, आजही. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, दोष कसा शोधला, तार कुठे कापली. त्यांच्या हातातलं सूप पडलं.

“मोहिनी जित्ती शे, हाई माले ह्याच दिवावरथीन समजे.”

माहेर खोटं. मोहिनीला दुसरं लग्न करायचं होतं, नानांनी तिला पलीकडे कोंडलं. ते बाहेर गेले की ती तिथला सैल जोड हलवायची आणि ताईबाई इथे बघत बसायच्या. नुसत्या बघत बसायच्या! संताप येतो. मग आठवतं, तार कापणारी मी.

पोलिसांकडे निघाले. ताईबाईंनी पाय धरले. म्हणाल्या, आधी तार जोड, ती जिवंत आहे का बघू. नवा न्यूट्रल काढला, जुनी तार जोडली. नाना बाजारात होते. दिवा स्थिर. भिंतीवर थापा मारल्या. काही नाही. संध्याकाळी नाना ताट घेऊन गेले आणि न शिवलेलं परत घेऊन आले. ताईबाईंना म्हणाले, सून माहेरी तापाने वारली, असं गावात सांग.

पेढे अजून डब्यात आहेत.

२३ ऑक्टोबर

पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले. अजून —

दिवा लुकलुकतोय. आणि नाना घरात आहेत.

ताईबाई शांत. म्हणाल्या, “आते ती कोणले भियस नही.”

मेन स्विच पाडला. पंखा थांबला. दिवा नाही थांबला —

नानांनी दारातून पाहिलं. पांढरेफटक. कुलूप उघडून आत गेले. भिंतीपलीकडून एकदाच हाक, मोहिनी — मग काही पडल्याचा आवाज. ताईबाई धावल्या. बाहेरून कडी. कुलूप.

आता माझ्याजवळ बसल्यात. दिव्याकडे बघत.

वेड्यासारखा चालू-बंद, चालू-बंद — जोड हलवणारा हा हात तो नाही. जड आहे. घाबरलेला —

ताईबाईंनी पक्कड माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “तोड. तुले येस.”

मेन बंदच आहे. तार बोटांत थरथरतेय, आणि मी —