वहीतलं सोलर

आई, परवा आपल्या छपरावर सोलर बसलं. सहा पॅनेल आहेत, दक्षिणेकडे तोंड करून. हे तुला पहिल्यांदा सांगावंसं वाटलं, आणि तुलाच सांगायची लाजही वाटली. तू गेलीस त्याला सहा पावसाळे झाले. लाईट गेली, तुझं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं, आणि तेव्हापासून मी एकच प्रश्न घेऊन बसले आहे: सोलर वेळेवर बसवलं असतं तर तू जगली असतीस का?

तुला माझी वही आठवत असेल. दर पाडव्याला मी कोऱ्या पानावर वर्षाचे संकल्प लिहायचे. चुलीच्या धुरानं तुझी छाती निकामी होत चाललीय असं भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या वर्षी पहिल्या ओळीत मी लिहिलं, 'घर उन्हावर चालवायचं.' एकदम जमणार नाही म्हणून टप्पे पाडले. आधी सोलरचा एक दिवा. मग दर महिन्याला मीटर बघून किती वीज लागते ते लिहायचं. मग फणसाची सावली छपरावरून किती वाजता सरते ते बघायचं. शेवटी पॅनेल. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, मी दारात वही घेऊन बसले आहे. "काय लिवती येवढं?" तू विचारतेस. मी म्हणते, संकल्प. "वहीत लिवून उजेड पडतो व्हय गं? पडत आसंल तर हितं चुलीपाशी बी येक पान टांग."

दिवा मात्र मी आणला. तू रोज सकाळी तो कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवायचीस आणि शेजारच्या काकूंना सांगायचीस, "लेकीनं आणलाय. त्याला जेवाया ऊन लागतं." आषाढात तो मिणमिणायला लागला तेव्हा धापा टाकत म्हणालीस, "तुज्या दिव्याला बी माज्यावानी दमा लागला बघ." मी हसले होते. पुढे घरात गॅस आला, मशीन आलं, नळी तुझ्या नाकाला कायमची लागली, आणि पॅनेलची ओळ दर पाडव्याला मी जुन्या पानावरून नव्या पानावर उतरवत राहिले. एका वर्षी सावली आड आली, एका वर्षी छपराचे पत्रे बदलायचे होते. कारणं खोटी नव्हती. पण ती लिहून काढली की काम निम्मं झाल्यासारखं मला वाटायचं.

श्रावणातल्या त्या दिवशी सकाळीच लाईट गेली. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर तुला लावून मी नसरापूरला कॉलेजच्या ऑफिसात कामाला गेले. दुपारी काकूंचा फोन आला, "सिलिंडर संपत आलाय, लाईट न्हाई, तू निघ." एसटी नव्हती. टेम्पोत बसून आले. मी पोचले तेव्हा काकूंनी तुझे डोळे मिटले होते.

परवा सोलर बसवणारा माणूस शिडीवरून उतरला तेव्हा मी त्याला सहज विचारलं, "लाईट गेली तरी घरातलं सगळं चालेल ना?"

"न्हाई ताई. लाईट गेली की हे बी बंद."

"ऊन असलं तरी?"

"आसलं तरी. वायरमन खांबावर चढल्याला आसतो. तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली तर तो मरंल की. बॅटरीवालं येगळं येतं."

मी पायरीवर बसले. वहीत इतकी वर्षं लिहिलेलं सोलर हेच होतं, बिनबॅटरीचं. म्हणजे ते वेळेवर बसलं असतं तरी त्या दिवशी तुझं मशीन बंदच पडलं असतं. आई, मला हलकं वाटलं. तुझ्या मरणाबद्दल हलकं वाटलं, याची शरम वाटायच्या आत मी त्याला मशीनचं सांगितलं. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "त्याला सोलर कशाला, ताई? साधा इन्व्हर्टर आन् बॅटरी बास होती. दुकानातनं आनली की त्याच दिवशी चालू."

दादा पुण्याहून फोनवर हेच म्हणाला होता. मीच त्याला सांगितलं, सोलर घ्यायचंच आहे, मग मध्ये हे कशाला. माझा संकल्प मोठा होता, म्हणून तुला लहान गोष्टही मिळाली नाही.

काल मी वहीत नवं पान काढलं. बॅटरी घ्यायची, विजेचा वापर कमी करायचा, अशा दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. 'सोलर असतं तर' हे मी इतकी वर्षं का धरून ठेवलं ते मला तेव्हा कळलं. तो दोष मला सोसत होता. त्यात फक्त आळस होता.

त्या सकाळी तू नळी सारखी करत म्हणालीस, "आजच्या दिस जाऊ नगंस. भ्या वाटतंय." मी म्हणाले, येईल लाईट अकरापर्यंत. माझी रजा शिल्लक होती. तुझ्या दहाव्याला दादानं मला विचारलं, आईला तशी सोडून तू ऑफिसला गेलीस कशी? मी सगळ्यांसमोर सांगितलं, आईच म्हणाली, जा. तो ते अजून खरं मानतो. हे लिहूनही मी त्याला फोन केलेला नाही.