न्हाणीच्या फरश्या

३ फेब्रुवारी, सोमवार
लग्नानंतरचा पहिला हिवाळा. पाथर्डीच्या घराच्या मागच्या दारी न्हाणी. हे काळ्या फरशीवर बसलेले, मी तांब्याने ह्यांच्या पाठीवर पाणी ओततेय. पाणी कढत होतं. ह्यांनी नुसते खांदे आक्रसले. जास्त गरम आहे का, विचारलं. म्हणाले, "चालेल."
आज हॉस्पिटलमध्ये ह्यांची पाठ ओल्या फडक्याने पुसताना ते आठवलं. मी नर्सला सांगणार होते. ती घाईत होती.
ते घर विकताना न्हाणीच्या चार फरश्या उखडून आणल्या होत्या. इथे केडगावात कंपाउंडला टेकून पडून आहेत. ह्यांच्या बाथरूमच्या भिंतीला त्याच लावायच्या. अर्धांगाच्या माणसाला ओळखीचा स्पर्श लागतो. निश्चय पक्का.

५ फेब्रुवारी
पंकजाचा पुण्याहून फोन. म्हणते, "आई, डॉक्टरांनी धरायला दांडा सांगितलाय. दगड नाही." दोन्ही होईल, म्हटलं.
ह्यांनाच विचारलं, फरश्या लावू ना? "हं," म्हणाले. झटक्यानंतर तेवढा एकच शब्द उरलाय, पण त्यात सगळं असतं. पंकजा म्हणते, बाबा सगळ्यालाच हं म्हणतात, परवा पंख्यालासुद्धा म्हणाले. मुलांना कान नसतो.

८ फेब्रुवारी
श्रीमंत गवंडी येऊन बघून गेला. "बाई, ह्या खाली टाकायच्या फरश्या हायेत. भितीवर लई जड व्हत्यात. भोकं पाडून लोखंडी पिना माराव्या लागतील."
मोठ्या फरशीचा एक कोपरा सासूबाईंच्या टाचा घासून घासून गुळगुळीत झाला आहे. तिला ड्रिल लावू द्यायचा? स्पष्ट नाही म्हटलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "तुमी म्हनता तर नुसत्या केमिकलवर चिकटवू. धरलं तर धरलं." तयार झाला. ठामपणे सांगितलं की लोक ऐकतात.
लंकाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "ऊसतोडीला निम्मा महाराष्ट्र फिरले बाई, पर भितीवर चढलेली न्हानी न्हाई पाहिली." हसले. चांगल्या कामाला आधी हसतातच.

११ फेब्रुवारी, मंगळवार
फरश्या लागल्या. श्रीमंतने प्रत्येकीच्या पाठीला केमिकलचे पाच गोळे थापले आणि भिंतीवर दाबली.
केमिकलच्या गोणीवर सगळं इंग्रजीत. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, आधी संपूर्ण वाचा, मग हात लावा. संपूर्ण वाचलं. पाठ पूर्ण भरून घ्यावी, आणि सुकेपर्यंत पाणी लागू देऊ नये. पाठीचं श्रीमंतला वाचून दाखवलं. म्हणाला, "गोनीवर लई लिव्हित्यात." मग मीही फार ताणलं नाही.
पाण्याचं मात्र पटलं नाही. नव्या कामाला पाणी मारायचं नाही? आमचं घर बांधलं तेव्हा आई सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारायची. ते घर अजून उभं आहे. गोणी लिहिणाऱ्याने नगरचं ऊन पाहिलेलं नसणार.
श्रीमंत गेल्यावर बादली घेतली.

१३ फेब्रुवारी
दोन्ही वेळा पाणी मारतेय. भिंतीला कढत नको, म्हणून गार.
मोठी फरशी खालच्या रेघेवरून किंचित उतरलीय. श्रीमंतला फोन केला. तो श्रीगोंद्याला लग्नात. म्हणाला, "बसतीय ती, बसू द्या." बरोबर. नवं काम थोडं बसतंच.

१४ फेब्रुवारी
रविवारी डिस्चार्ज. अंघोळीची खुर्ची आली. बरोबर मोठ्या फरशीखाली ठेवली. ह्यांचा चांगला हात त्या गुळगुळीत कोपऱ्याला लागला पाहिजे.
दांडा राहिला. त्यासाठी फरशीलाच भोक पाडावं लागेल. नंतर बघू.

१६ फेब्रुवारी, रविवार
हे घरी आले. पंकजाही आली. मी स्वतः पाणी तापवलं. जुना तांब्या काढला.
बाथरूमच्या उंबऱ्याला व्हीलचेअर अडली. लंकाबाई आणि पंकजा मागे-पुढे करत होत्या, आणि पाणी निवतंय म्हणून मी चिडचिड करत होते. तेवढ्यात आवाज झाला.
अंघोळीची खुर्ची दिसेना. मोठी फरशी दोन तुकडे होऊन पडलेली, खुर्ची तिच्याखाली.
ह्यांनी पाहिलं. "हं," म्हणाले.
पंकजाने ह्यांना पलंगावरच पुसून घेतलं. त्या तापवलेल्या पाण्याने.

१७ फेब्रुवारी
तुकडा उलटा करून पाहिला. पाठीचं केमिकल अजून ओलं, भिजवलेल्या कणकेसारखं बोटाला येतंय. माल खराब असणार. दुकानदाराला खरमरीत लिहायचं.
दुपारी पंकजाने ह्यांना विचारलं, "बाबा, माझ्याकडे पुण्याला यायचं?"
"हं."
मी लगेच म्हटलं, ते काय, ते सगळ्यालाच हं म्हणतात.
लंकाबाईने केर काढायचा थांबवला. पंकजाने ह्यांची औषधं बॅगेत भरायला घेतली.
दुकानदाराला काही लिहिलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ
गाडी येईल इतक्यात. मीही जातेय. परत कधी, ते पंकजाने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
लंकाबाईला सांगायचं ते:
भिंतीवरच्या तीन फरश्या श्रीमंतकडून काढून घे. पडायची वाट पाहू नको. दोन तुला, दारापुढे टाकायला. कालच म्हणालीस, "आडव्याच टाकीन बाई." एक श्रीमंतला, नको म्हणाला तरी.
खुर्चीचा एक पाय आणि खालची रबरं शाबूत आहेत. कुणाला लागली तर दे.
पाणी तापवायचा बंब तुझ्या सुनेला. तिला बाळंतपणात होईल.
मोठीचा गुळगुळीत कोपऱ्याचा तुकडा मागच्या नळाखाली टाक. कुणी पाय धुवायला बसलं तर बसू दे.
तांब्या कुणाला द्यायचा नाही. पिशवीत घातलाय.
पुण्याला शॉवर आहे, पंकजा म्हणाली.